बँक शॉट: आरशाचा नियम टेबलावर कुठे फसतो

मोबाइलवर पूल खेळणाऱ्याला बँक शॉट, म्हणजे बॉल टेबलाच्या कडेवर आपटून पॉकेटमध्ये घालायचा शॉट, फार सोपा वाटतो. स्क्रीनवर एक रेघ दिसते. ती कडेवर आदळते, ज्या कोनात गेली त्याच कोनात परत फिरते आणि सरळ पॉकेटपर्यंत पोचते. हाच खेळाडू ऑफिसच्या कॅन्टीनमधल्या किंवा एखाद्या क्लबातल्या खऱ्या टेबलापाशी उभा राहतो, मनात तीच रेघ आखतो, अगदी तिथेच बॉल मारतो, आणि बॉल पॉकेटच्या चार बोटं पलीकडे जाऊन थडकतो. पुढच्या वेळी तोच नेम धरून जरा जोरात मारतो, तर बॉल पॉकेटच्या अलीकडेच येतो. दोन-चारदा असं झालं की 'बँक शॉट म्हणजे नशिबाचा खेळ' हे मत पक्कं होतं.

हे मत चुकीचं आहे. बॉल मनमानी करत नसतो. त्याच्यावर तीन-चार बळं काम करत असतात. ती शाळेतल्या विज्ञानापलीकडची नाहीत, फक्त एकाच वेळी आणि क्षणार्धात काम करतात म्हणून गोंधळ उडतो. एकेक सुटं करून पाहिलं तर चित्र स्वच्छ दिसतं.

आधी टेबल पाहू

स्पर्धेचं पूल टेबल नऊ फुटी असतं. कुशनच्या आतल्या कडांमध्ये मोजलं तर खेळायची जागा २५४ सेंटिमीटर लांब आणि १२७ सेंटिमीटर रुंद, म्हणजे बरोबर दोन चौरस शेजारी शेजारी. बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर, वजन साधारण १६० ते १७० ग्रॅम. खाली दगडी स्लेट, तिच्यावर ताणून बसवलेलं कापड. चारही बाजूंना लाकडी चौकट आणि तिला आतून चिकटवलेली रबराची त्रिकोणी पट्टी, तीही कापडाने मढवलेली. ही पट्टी म्हणजे कुशन.

पांढऱ्या बॉलने रंगीत बॉलला मारायचं, रंगीत बॉल आधी कुशनवर आपटून मग पॉकेटमध्ये जायला हवा. हा बँक शॉट. आपल्याकडे बिलियर्ड्स-स्नूकरच्या टेबलांवर वाढलेले जुने खेळाडू त्याला 'डबल' म्हणतात.

आरशाची युक्ती

कॅरममध्ये रिबाउंड घेताना आपण सगळेच नकळत एक युक्ती वापरतो. समोरची फ्रेम म्हणजे आरसा समजायचा, पलीकडे पॉकेटचं प्रतिबिंब कल्पायचं आणि त्या प्रतिबिंबाला नेम धरायचा. पूलमध्येही सुरुवात इथूनच होते.

एक खरं मोजमाप घेऊ. समोरच्या लांब कुशनपासून रंगीत बॉलचं केंद्र ६० सेंटिमीटरवर आहे. आपल्याला तो समोर आपटून आपल्या बाजूच्या मधल्या पॉकेटमध्ये आणायचा आहे, आणि ते पॉकेट बॉलच्या ६० सेंटिमीटर डावीकडे आहे. तर कुशनवर नेमकं कुठे आपटायचं?

इथेच पहिली चूक होते, आणि तीही निव्वळ भूमितीत. बहुतेक जण आरसा कुशनच्या कडेवर धरतात. पण बॉलला जाडी आहे. बॉल कुशनला टेकतो तेव्हा त्याचं केंद्र कडेपासून अर्ध्या व्यासाएवढं, म्हणजे जवळपास २.९ सेंटिमीटर अलीकडे असतं. केंद्र तिथूनच परत फिरतं. म्हणून आरसाही तिथेच उभा करायला हवा.

आता गणित असं: बॉलपासून या आरशापर्यंत ५७.१ सेंटिमीटर, आरशापासून पॉकेटपर्यंत १२४.१ सेंटिमीटर. डावीकडचे ६० सेंटिमीटर याच प्रमाणात वाटले, तर कुशनपर्यंत जाताना बॉलने १८.९ सेंटिमीटर डावीकडे सरकायचं आणि परत येताना उरलेलं ४१.१. आरसा चुकून कुशनच्या कडेवर धरला, तर परत आलेला बॉल पॉकेटच्या मध्यापासून १.८ सेंटिमीटर अलीकडे येतो. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण मधल्या पॉकेटचं तोंड असतं साधारण १३ सेंटिमीटरचं, त्यातून पावणेसहा सेंटिमीटरचा बॉल जायचा. दोन्ही बाजूंना साडेतीन सेंटिमीटरची सूट, आणि तिरपा येताना तीही कमी. म्हणजे निम्मी सूट आपण शॉट मारायच्या आधीच खर्च केली.

बॉल म्हणजे उजेडाचा किरण नव्हे

आरशाचा नियम उजेडाला लागू पडतो, कारण परत फिरताना किरणाचा वेग कमी होत नाही. बॉलचा होतो. आणि तो कसा कमी होतो, यावर सगळा बँक शॉट उभा आहे.

कुशनवर तिरप्या येणाऱ्या बॉलच्या वेगाचे दोन भाग करा. एक भाग सरळ कुशनच्या अंगात शिरणारा, दुसरा कुशनच्या कडेने सरकणारा. पहिल्याला 'आतला वेग' म्हणू, दुसऱ्याला 'कडेचा वेग'.

आतल्या वेगाचं काय होतं? रबर दबतं, परत उसळतं, पण घेतलेलं सगळं परत देत नाही. टेबल कसं आहे, रबर किती जुनं आहे, बॉल किती जोरात आला यावर अवलंबून साधारण साठ ते नव्वद टक्के वेग परत मिळतो. आपण पंचाहत्तर टक्के धरू.

आता समजा, कडेचा वेग जसाच्या तसा राहिला. आपल्या उदाहरणात बॉल बरोबर १८.९ सेंटिमीटरच्या जागी आपटला. तो कुशनपासून दूर येतोय सावकाश, पण डावीकडे सरकतोय पूर्वीच्याच वेगाने. मग परतीच्या वाटेत तो ४१ ऐवजी सुमारे ५५ सेंटिमीटर डावीकडे जाईल. पॉकेट जवळजवळ १४ सेंटिमीटरने हुकलं. बॉल असा पॉकेटच्या पलीकडे गेला की तो 'लांब' गेला म्हणू, अलीकडे आला की 'आखूड'.

प्रत्यक्षात मात्र कडेचा वेगही घटतो. कुशनवरचं कापड बॉलच्या अंगाला घासतं, त्याला मागे ओढतं आणि त्याच वेळी त्याला भोवऱ्यासारखी उभ्या आसाभोवती फिरकी देतं. कापडाची पकड पूर्ण बसली, म्हणजे बॉल कुशनवर घसरायचा थांबून तिच्यावरून चाकासारखा फिरला, तर कडेचा वेग किती उरतो याचं उत्तर ठरलेलं आहे. ते बॉलच्या वजनावर अवलंबून नाही, आकारावरही नाही. कुठल्याही भरीव, एकसारख्या गोळ्यासाठी ते पाच-सप्तमांश आहे. म्हणजे सुमारे एकाहत्तर टक्के.

दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. आतला वेग पंचाहत्तर टक्के उरला, कडेचा एकाहत्तर टक्के. दोन्ही जवळपास सारखेच घटले, म्हणून दिशा जवळपास आरशासारखीच राहिली. आपल्या उदाहरणात बॉल आता फक्त दोन सेंटिमीटर आखूड येतो, म्हणजे पॉकेटच्या सुटीत बसतो.

मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. जेवढ्यास तेवढा कोन हा बॉलचा नियमच नाही. दोन वेगळ्या कारणांनी होणारी घट योगायोगाने जुळते, तेव्हा तो नियमासारखा दिसतो. ती जुळणी मोडणारं काहीही घडलं, की आरसा खोटा पडतो. कोन फार निमुळता झाला, बॉल कुशनला नुसता चाटून गेला, तर दाब कमी पडतो, पकड पूर्ण बसत नाही आणि जुळणी मोडते. रबर बदललं, कापड नवं घातलं, तरीही मोडते. आणि सगळ्यात जास्त वेळा ती मोडते बॉलच्या स्वतःच्या फिरण्यामुळे.

घसरणारा बॉल, घरंगळणारा बॉल

पांढरा बॉल रंगीत बॉलला ठोकतो तेव्हा त्याला पुढे जायचा वेग देतो, पण फिरकी जवळपास देत नाही, कारण दोन गुळगुळीत बॉलमधलं घर्षण अगदी कमी असतं. त्यामुळे सुरुवातीला रंगीत बॉल घरंगळत नाही, कापडावरून नुसता घसरतो. कापड त्याला खालून मागे ओढतं, हळूहळू फिरवतं, आणि थोड्या अंतरानंतर तो पूर्ण घरंगळायला लागतो. तोवर त्याचा वेग मूळच्या पाच-सप्तमांशावर आलेला असतो. तोच अपूर्णांक पुन्हा आला, कारण गोळा तोच आहे.

हे अंतर किती? चांगल्या कापडावर बॉल सेकंदाला १ मीटर वेगाने निघाला, तर साधारण १२ सेंटिमीटर. २ मीटर वेगाने निघाला, तर अर्धा मीटर. ३ मीटर वेगाने, तर १.१ मीटर. वेग दुप्पट झाला की घसरण्याचं अंतर चौपट होतं.

आपल्या उदाहरणात बॉलला कुशनपर्यंत ६० सेंटिमीटर कापायचे आहेत. हळू किंवा मध्यम मारला, तर तो कुशनला पोचेपर्यंत पूर्ण घरंगळत असतो. जोरात मारला, तर अजून घसरतच असतो. नेम एकच, पण कुशनवर पोचणारे बॉल दोन वेगळ्या जातींचे.

घरंगळत आलेला बॉल कुशनवर आपटतो, त्याची दिशा क्षणात उलटते, पण अंगातली फिरकी तितक्या झटकन उलटत नाही. ती अजूनही त्याला कुशनकडेच न्यायला बघत असते. बॉल परत यायला निघालेला, फिरकी मागे खेचणारी. खालचं कापड ही ओढाताण सोडवतं आणि त्यात आतला वेग आणखी घटतो. कडेच्या दिशेने मात्र असा विरोध नसतो. परिणाम असा की बॉल कुशनपासून सुटल्यावर सरळ न येता हलकेच वळतो, कुशनच्या बाजूला झुकतो आणि लांब जातो. नीट लक्ष दिलंत तर हे वळण डोळ्यांना दिसतं.

घसरत आलेल्या बॉलमध्ये ही फिरकी नसते किंवा थोडी असते, म्हणून तो तितका वळत नाही. शिवाय जोराच्या आघातात बॉल रबरात खोल रुततो आणि कडेने सरकायला जास्त अडथळा होतो. दोन्हींमुळे तो आखूड येतो. सुरुवातीला म्हटलं तो गोंधळ, हळू मारला तर पलीकडे आणि जोरात मारला तर अलीकडे, तो असा सुटतो.

कुशनची कड बॉलच्या मध्यावर का नसते?

टेबलाजवळ बसून आडवं पाहिलं तर कळतं की कुशनची पुढची कड बॉलच्या मध्यापेक्षा वर असते. जागतिक नियमात ती बॉलच्या व्यासाच्या साडेत्रेसष्ट टक्के उंचीवर धरली आहे, एक टक्का कमी-जास्त चालतं. म्हणजे सुमारे ३६ मिलिमीटर. मध्याच्या खाली असती तर कुशनने बॉलला वर उचललं असतं आणि जोराचे शॉट टेबलाबाहेर गेले असते. कड वर असल्याने ती बॉलला किंचित खाली दाबून ठेवते. जास्त वर नेली, तर बॉल तिच्याखाली चेंगरून वेग गमावेल.

क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, वापरताना याच्या जवळचाच एक आकडा उपयोगी पडतो. पांढऱ्या बॉलला व्यासाच्या सत्तर टक्के उंचीवर मारलं, तर तो घसरत नाही, पहिल्या क्षणापासून घरंगळतो.

मग कॅरममध्ये आरसा इतका चांगला का चालतो?

ही शंका येणारच. उत्तर सोंगटीच्या आकारात आहे. ती चपटी आहे, बोर्डावर पडूनच सरकते, घरंगळत नाही. त्यामुळे 'दिशा उलटली पण पुढची फिरकी तशीच राहिली' हा प्रकारच तिथे नाही. फ्रेमला घासून सोंगटी गरगर फिरते खरी, पण बोर्डावर पावडर असते, आणि गरगरणारी चपटी चकती त्या गरगरण्यामुळे फारशी वळत नाही. एक मोठा बिघाड वजा झाला, म्हणून आरसा जास्त इमानदार राहतो. कॅरमवर हात बसलेल्या माणसाला पूल टेबलावर पहिले काही दिवस बँक शॉट छळतात ते यामुळे. त्याची नजर बरोबर असते, बॉलचं घरंगळणं तिच्यात धरलेलं नसतं.

कट मारला की न मागता मिळणारी फिरकी

आतापर्यंत आपण धरलं की पांढरा बॉल रंगीत बॉलला सरळ मागून लागतो. बहुतेक वेळा तसं नसतं, कट मारावा लागतो, म्हणजे पांढरा बॉल थोडा बाजूला लावून रंगीत बॉल तिरपा पाठवावा लागतो. कट मारताना पांढरा बॉल रंगीत बॉलच्या अंगाला थोडा घासून जातो आणि त्याला थोडी बाजूची फिरकी चिकटवतो. दोन बॉलमधलं घर्षण कमी असलं तरी ही फिरकी बँक शॉट बिघडवायला पुरते, कारण कुशनची पकड तिच्यावर लगेच प्रतिक्रिया देते.

दिशा लक्षात ठेवायला सोपी आहे. आपल्या उदाहरणात बॉल डावीकडे जायचा आहे. पांढरा बॉल सरळ येतोय आणि कट मारून रंगीत बॉल आणखी डावीकडे वळवलात, तर त्याला उलटी फिरकी मिळते, कुशनवर ती कडेचा वेग जास्त खाते आणि बॉल आखूड येतो. याउलट पांढरा बॉल उजवीकडून बराच तिरपा येतोय आणि तुम्ही रंगीत बॉलला त्याच्या रेषेपेक्षा उजवीकडे आवरता आहात, तर मिळणारी फिरकी धावती असते, म्हणजे कुशनवर कडेचा वेग कमी खाऊ देते, आणि बॉल लांब जातो. एकाच जागी ठेवलेला रंगीत बॉल, एकच पॉकेट, तरी पांढरा बॉल कुठे आहे यावर नेम बदलतो. मोबाइलच्या रेघेवर शिकलेल्यांच्या हे सहसा ध्यानात येत नाही.

अवघड बँक शॉटमध्ये आणखी एक धोका असतो, डबल किसचा. रंगीत बॉल कुशनजवळ असेल आणि कोन कमी असेल, तर तो परत येताना पांढरा बॉल अजून वाटेतच असतो आणि दोघे पुन्हा धडकतात. इथे गणित बरोबर असूनही शॉट जातो. म्हणून क्यू उचलायच्या आधी आपटून परत यायची रेघ बघताना पांढऱ्या बॉलची रेघही बघायची. दोन्ही एकमेकींना छेदत असतील, तर थोडा कट किंवा वेगळा जोर निवडायचा, आणि त्याने येणारा फरक नेमात धरायचा.

जोरातच मारलं तर सगळे प्रश्न सुटत नाहीत का?

काही अंशी सुटतात. जोराच्या शॉटमध्ये वळण कमी असतं, बॉल सरळ रेषेत येतो, त्यामुळे अंदाज बांधायला बरं. अनुभवी बँक खेळाडू मध्यमपेक्षा जरा जास्त जोर पसंत करतात ते म्हणूनच. पण किंमत मोजावी लागते. हळू आलेला बॉल पॉकेटच्या कोपऱ्याला लागला तरी आत ढळतो, जोरात आलेला तिथे खडखडून बाहेर येतो. वेग वाढला की पॉकेट जणू अरुंद होतं, मधलं पॉकेट तर फारच. शिवाय हात जितका जोरात सुटतो, तितकी क्यूची चूक वाढते.

डायमंड मोजले की पुरे?

चौकटीवरच्या ठिपक्यांना डायमंड म्हणतात. लांब बाजूचे आठ आणि आखूड बाजूचे चार समान भाग करणाऱ्या या खुणा नऊ फुटी टेबलावर ३१.७५ सेंटिमीटरच्या अंतराने असतात. त्या मोजून बँक शॉट मारायच्या पद्धती आहेत आणि त्या खरोखर उपयोगी आहेत. मात्र डायमंड कुशनच्या कडेवर नसतात, मागे लाकडात असतात. बॉल डायमंडच्या रेषेत मारायचा की डायमंडसमोरच्या कुशनवरच्या बिंदूवर, यात तिरप्या शॉटला काही सेंटिमीटरचा फरक पडतो. कुठलीही पद्धत शिकताना पहिला प्रश्न हाच विचारा. आणि ती पद्धत कुठल्या जोराला बसवली आहे, हा दुसरा. कारण डायमंड जागा सांगतात, जोर सांगत नाहीत.

खेळाडू हे सगळं गणित करतात का?

टेबलापाशी नाही. गणित झालंय मात्र फार पूर्वी. भूगोलात वारे आणि चक्रीवादळं शिकताना ज्यांचं नाव आपण ऐकतो, त्या फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिस यांनी १८३५ साली बिलियर्ड्सच्या बॉलच्या गतीवर अख्खं पुस्तक लिहिलं. घसरणं, घरंगळणं, फिरकी, सगळं त्यात आहे. खेळाडू तेच उत्तर हाताने शोधतो. तो एक जोर पक्का करतो, आणि त्या जोराला हे टेबल आरशापासून किती ढळतं ते लक्षात ठेवतो.

टेबल बदललं की हा आकडा बदलतो, ऋतू बदलला तरी. आपल्याकडे पावसाळ्यात कापड दमट होतं, बॉलवर ओलसर थर बसतो, पकड वाढते, आणि मे महिन्यात बरोबर जाणारा शॉट जुलैत आखूड यायला लागतो. म्हणून अनोळखी टेबलावर डाव सुरू करायच्या आधी दोन मिनिटं मागून घ्या. वर सांगितलेल्या मापाने बॉल ठेवा, मागून सरळ, कट न मारता, आपल्या नेहमीच्या जोराने आरशाच्या बिंदूवर मारा. तो पॉकेटच्या मध्यापासून किती आणि कुठल्या बाजूला येतो ते बघा. मग तोच बॉल, तीच जागा, तोच नेम ठेवून एकदा हळू आणि एकदा जोरात मारा. हळूवाला पलीकडे आणि जोराचा अलीकडे, यांच्यामधलं अंतर चौकटीवर बोटाने मोजून ठेवा. त्या संध्याकाळी त्या टेबलावर नेम किती सरकवायचा, ते त्या अंतरावरून ठरवा.